अपंगाची कमाई आणि सरकारी वेतन

हिंगोली जिल्ह्यांतील जवळा बाजार येथील एखाद्या शेतकऱ्याचा हात स्वतःच्या शेतांत मळणीयंत्रांत सांपडून गेला, आणि पुढें तो दुकान मांडून कमावूं लागला, तर त्याचें सरकारी साहाय्य चालू राहावें कीं बंद व्हावें? या प्रश्नास कायद्याच्या इतिहासांत दोन उत्तरें मिळालीं आहेत.

पहिलें उत्तर 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचें. 1 जुलै 1924 पासून अमलांत आलेल्या या कायद्यानें प्रत्यक्ष मिळकत न पाहतां कमाईची शक्ति किती घटली तें पाहिलें. त्याच्या नंतरच्या परिशिष्टांत अंगठा गेल्यास ही घट 30 टक्के, एक डोळा गेल्यास 40 टक्के धरिली होती. हेंच तत्त्व 1948 च्या राज्य कामगार विमा कायद्यानें पुढें चालविलें. त्याच्या 63 व्या कलमान्वयें तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मजुरी मिळालेल्या दिवशीं थांबत असे. कायम अपंगत्वास हें बंधन नाहीं. म्हणून पुन्हा कामावर रुजू झालेल्या कामगारास पगार आणि मासिक लाभ दोन्ही घेतां येतात.

दुसरें उत्तर 1980 च्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचें. तिनें हानि न मोजतां दारिद्र्य मोजलें. कौटुंबिक उत्पन्नाची वार्षिक मर्यादा दीर्घकाळ 21,000 रुपये होती. अपंगांसाठीं ती पुढें 50,000 झाली. मर्यादा ओलांडली कीं अनुदानाचा केवळ अंश कमी होत नाहीं, पात्रताच संपते.

कामगार विमा वेतनदारांपुरता असल्यानें जवळा बाजारच्या शेतकऱ्याच्या वांट्यास दुसरें उत्तर येतें. हात दोघांचाही गेला. परंतु कामगाराच्या कमाईनें त्याचा हक्क उणा होत नाहीं, शेतकऱ्याच्या कमाईनें मात्र तो संपूं शकतो.