पेम्फिगस, कॉर्टिझोन आणि संधिसाधू जंतू

पेम्फिगस हा त्वचेचा रोग फारसा आढळत नाही, पण प्रतिकारशक्ती शिकवताना त्याचा इतिहास उपयोगी पडेल असे आम्हाला वाटते. त्वचेच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारी काही प्रथिने असतात. या रोगात शरीराचीच प्रतिपिंडे त्या प्रथिनांवर हल्ला चढवतात. पेशी सुट्या होतात. अंगावर आणि तोंडात फोड येऊन फुटतात. ही प्रतिपिंडे ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी १९६४ मध्ये रुग्णांच्या रक्तात दाखवून दिली.

त्याआधीच औषध मात्र सापडले होते. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातावर कॉर्टिझोन वापरले आणि १९५० मध्ये केंडल व राइकस्टाइन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण दगावत. उघड्या पडलेल्या त्वचेतून द्रव आणि प्रथिने वाहून जात, जंतू आत शिरत. स्टेरॉइडने फोड आटोक्यात येऊ लागले आणि माणसे वाचू लागली.

तरीही मृत्यूच्या कारणांत जंतुसंसर्ग राहिलाच. फक्त त्याची वाट बदलली. स्टेरॉइडला शत्रू-मित्र कळत नाही. ते सगळीच प्रतिकारशक्ती दाबते. फुप्फुसातील गाठीत वर्षानुवर्षे कोंडलेले क्षयाचे जंतू मग मोकळे सुटतात. अनवाणी पायांतून मातीतला स्ट्राँगिलॉइडिस हा सूक्ष्म कृमी शरीरात शिरतो आणि आतड्यात निमूटपणे राहतो. स्टेरॉइड सुरू होताच तो बेसुमार वाढून प्राणघातक ठरू शकतो. शिवाय ताप दबल्यामुळे धोक्याची घंटाही नीट वाजत नाही. तोंडातल्या बुरशीची तर निराळीच पंचाईत. ती मूळ रोगच बळावल्यासारखी भासली आणि स्टेरॉइडची मात्रा वाढवली, तर बुरशीचे आयतेच फावते!

भारतात १९८० च्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पसरिचा यांनी दुसरा मार्ग काढला. दर चार आठवड्यांनी लागोपाठ तीन दिवस डेक्सामेथासोनची मोठी मात्रा शिरेतून द्यायची आणि त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फमाइड जोडायचे. रोजच्या मोठ्या मात्रेचे दुष्परिणाम यामुळे कमी होतील, ही अपेक्षा. आमच्या मते ही कल्पना धाडसी होती. पण संसर्गाची भीती तिच्यातही उरलीच.

पुढे रिटुक्सिमॅब आले. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी ज्यांपासून तयार होतात, त्या बी-पेशींनाच ते नष्ट करते. अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला पेम्फिगससाठी मान्यता मिळाली. मात्र यकृतात दबून राहिलेला हिपॅटायटिस-बी विषाणू त्यामुळे उसळू शकतो. म्हणून ते देण्यापूर्वी रुग्णाच्या रक्तात या विषाणूचा शोध घेतला जातो.