बंकर : वाळूच्या खड्ड्याची कुळकथा

उन्हाळ्यात कुंभकोणमजवळ कावेरीचे पात्र आटले, की वाळूत एक खड्डा उकरून पाहावा. हात कोपरापर्यंत जाण्याआधीच कडा ढासळू लागतात. कोरडी वाळू साधारण 34 अंशांहून जास्त चढ धरत नाही. गोल्फच्या काही बंकरांची भिंत मात्र पुरुषभर उंच आणि जवळजवळ सरळ असते. बंकर किती खोल, किती अवघड असावा, या वादाचे मूळ त्या भिंतीत आहे.

बंकर म्हटले की आपल्याला सीमेवरचे जवान आठवतात. पण शब्द घरातला आहे. स्कॉटलंडच्या बोलीत बंकर म्हणजे बसायलाही उपयोगी पडणारी पेटी, बाकडे. आगबोटीवरची कोळशाची कोठी बंकर झाली, तसा वाळूचा खळगाही. तिथल्याच सेंट अँड्र्यूज या गोल्फ मैदानाच्या 1812 च्या नियमांत हा शब्द गोल्फसाठी आला. लष्करी अर्थ त्यानंतर शतकभराने चिकटला.

पहिले बंकर कोणी खणले नव्हते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वाळूच्या उंचवट्यांवर गवताची पातळ साय असे. वारा ती फाडी, आणि आडोशाला बसणाऱ्या मेंढ्या खळगा आणखी झिजवत, असे सांगतात. कडा टिकाव्यात म्हणून पुढे गवताची ढेकळे विटांसारखी एकावर एक रचली गेली. अशी भिंत काही वर्षांत खचते, पुन्हा रचावी लागते. खोली वाऱ्याने दिली; तिला ताठ उभे केले माणसाने.

जिथे जमीन खोली देत नाही, तिथे अवघडपणा दुसऱ्या वाटेने आला. अमेरिकेतल्या ओकमाँटची माती चिकण, पाणी न जिरवणारी. हेन्री फाउन्स यांनी 1903 मध्ये उभारलेल्या या मैदानावर मग जड दंताळ्यांनी बंकरच्या वाळूत सऱ्या पाडल्या जात. चेंडू सरीत रुतला की संपले. आपल्या काळ्या जमिनीतही खोल खड्डा खणला, तर पहिल्याच मोठ्या पावसात त्याचे डबके होईल.

खेळाडूंनीही उत्तर शोधले. जीन साराझेन यांनी जाड, फुगीर तळाची काठी घडवली. ती वाळूत रुतत नाही, घसरून पुढे जाते. ती वापरून 1932 ची ब्रिटिश ओपन स्पर्धा त्यांनी जिंकली. तरी खड्डा हरला नाही. 1978 मध्ये सेंट अँड्र्यूजच्या सतराव्या होलवर त्सुनेयुकी नाकाजिमांना बंकरबाहेर यायला चार फटके लागले. 1995 मध्ये तिथल्याच ‘हेल’ नावाच्या बंकरात जॅक निकलॉस यांच्यावर हीच वेळ आली. 2000 च्या ब्रिटिश ओपनमध्ये टायगर वुड्स त्याच मैदानावर चारही दिवस 112 बंकरांपैकी एकातही गेले नाहीत, आणि आठ फटक्यांनी जिंकले.

माझ्या मते वादाचे उत्तर वुड्स यांच्या त्या चार दिवसांत आहे. खोल बंकरचे खरे काम चेंडू आत पडण्याआधी होते: दोनशे यार्डांवर उभ्या असलेल्या माणसाला तो विचार करायला लावतो. त्यासाठी त्याचा धाक हवाच. गुडघाभर खळग्याला कोणी भीत नाही. पण आत पडलेल्याला कसबाने सुटण्याची एक वाट उरली पाहिजे, मग ती मागे जाणारी का असेना. 2019 च्या नियमांनी दोन फटक्यांचा दंड भरून चेंडू बंकरबाहेर मागे ठेवण्याची मुभा दिली, ती म्हणूनच मला मोलाची वाटते. वाट बंद करणारा खड्डा खेळाचा राहत नाही.