हिवरे बाजार : ताळेबंद पाण्याचा आणि श्रेयाचा

पावसाळा संपला, की हिवरे बाजारची ग्रामसभा हिशेबाला बसते. हिशेब पैशाचा नसतो, पाण्याचा असतो. पाऊस किती पडला, त्यातला जमिनीत किती मुरला, माणसांना आणि जनावरांना प्यायला किती राखायचा आणि उरलेल्यावर रब्बीचे किती रान भिजेल, हे चारचौघांत मांडले जाते. पाऊस तुटीचा असेल तर पेरा कमी करायचा, हेही तिथेच ठरते. या गावावर मराठीत उदंड लिहिले गेले आहे. बहुतेक लेखनात गोष्ट एकच असते : एका तरुण सरपंचाने गाव बदलले. ती खोटी नाही. पण तीत सरकार कुठे होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

नगर तालुक्यातले हे गाव, पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास. एके काळी कुस्तीसाठी ओळखले जाई. १९७२च्या दुष्काळानंतर ते खचत गेले. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, घरटी माणसे पुण्या-मुंबईकडे निघाली आणि मागे हातभट्ट्या पेटल्या. सरकारी नोकराची इथे बदली म्हणजे शिक्षा, असे गावकरीच सांगतात. वनखात्याशी तर खटकेच उडत. १९८९मध्ये एम.कॉम. झालेले पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले, ते अशा गावाचे. सुरुवात पाण्यापासून नव्हे, शाळेपासून झाली.

पाणलोटाची कामे उभी राहिली ती मुख्यतः रोजगार हमीच्या पैशावर. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ही योजना १९७२च्या दुष्काळातच राज्यभर पसरली आणि तिचा कायदा १९७९मध्ये अमलात आला. तिच्यासाठी पैसा उभा करायला १९७५पासून व्यवसाय कर लावला गेला. शहरातल्या पगारदाराच्या पगारपत्रकात आजही दिसणारी ती किरकोळ कपात म्हणजे नगरच्या डोंगरावरच्या चरांचा एक उगम आहे. ज्या योजनेची ओळख लोकांच्या मनात खडी फोडण्याशी जोडलेली होती, तिच्याच मजुरीतून इथे सलग समतल चर खणले गेले, बांध घातले गेले, झाडे लावली गेली. फरक एवढाच, की काम कुठे काढायचे हे तालुक्याच्या कचेरीत नव्हे, ग्रामसभेत ठरले. आधी माथ्यावरचे काम आणि मग खालचे, हा क्रमही त्यामुळे टिकला.

राळेगणसिद्धीच्या अनुभवावरून राज्य सरकारने १९९२मध्ये आदर्श गाव योजना आखली होती. १९९४मध्ये हिवरे बाजार तीत आले. या योजनेची एक अट होती : निधी खात्यामार्फत न जाता गावासोबत काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेमार्फत खर्च व्हावा. इतरत्र अशी संस्था बाहेरून येई. हिवऱ्याने ती स्वतःच काढली, यशवंत कृषी, ग्राम व पाणलोट विकास संस्था. म्हणजे ग्रामपंचायत आणि स्वयंसेवी संस्था, दोन्हींच्या मागे माणसे तीच. कामाला वेग आला तो यामुळेच. पण देणारा, करणारा आणि तपासणारा यांच्यात अंतर हवे, असे मानणाऱ्याला इथे शंका येईल. ती रास्त आहे. इथे ती जागा काही अंशी ग्रामसभेच्या जाहीर हिशेबाने भरून काढली, एवढेच म्हणता येते.

सरकारला जे जमले नसते ते मात्र गावानेच केले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री. पुढे शेतीसाठी विंधन विहीर नको, ऊस-केळी नको, बाहेरच्याला जमीन विकायची नाही. राज्याचा १९९३चा भूजल कायदा पिण्याच्या पाण्याच्या रक्षणापुरता होता. कोणते पीक घ्यावे हे तो सांगत नव्हता. आपल्याच शेतात उसाचे बेणे लावू नये, हे शेजाऱ्याला सांगण्याचा अधिकार कागदावरून येत नाही. ओमानमध्ये फलज नावाच्या जुन्या कालव्यांचे पाणी गावकरी पाळीपाळीने वाटून घेतात आणि त्यावर गावाने नेमलेला वकील देखरेख करतो. युनेस्कोने २००६मध्ये अशा पाच कालव्यांना जागतिक वारशात स्थान दिले. वाळवंटाच्या कडेला आणि पर्जन्यछायेत माणसे एकाच उत्तराशी पोचली, याचे नवल वाटू नये.

चराईबंदीचा पहिला भार कोणावर पडला असेल? ज्याच्याकडे जमीन नाही, फक्त शेळ्या आहेत, त्याच्यावर. पुढे डोंगरावरचे गवत कापून न्यायला मिळू लागले, गावाचे दूध दिवसाला दीडशे लिटरांवरून हजारोंत गेले, स्थलांतरित कुटुंबे परतली. तरीही मधली वर्षे त्या शेळीवाल्याने कशी काढली, हे गौरवग्रंथांत सापडत नाही. नसबंदीसारखी गोष्ट सामूहिक ठरावाने ठरते, तेव्हा घरातल्या बाईच्या संमतीचे काय, हाही प्रश्न उरतोच.

पोपटराव पुढे राज्याच्या आदर्श गाव समितीचे कार्याध्यक्ष झाले. ज्या गावी बदली म्हणजे शिक्षा होती, तिथे आता अधिकारी प्रशिक्षणाला येतात. २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आणि जानेवारी २०२१मध्ये, तब्बल तीस वर्षांनी, गावात ग्रामपंचायतीसाठी मतदान झाले. सातही जागा पवारांच्या पॅनेलने जिंकल्या; पण समोर कोणीतरी उभे होते.