सत्यंकार आणि अनुशय : कंपनीच्या खरेदीकरारांतून माघार घेतां येते काय?

कंपनी विकत घेण्याच्या करारावर सह्या झाल्या, आणि ताबा घेण्यापूर्वीं खरेदीदाराचें मन फिरलें, तर त्यास माघार घेतां येते काय? हा प्रश्न केवळ अर्वाचीन कायद्याचा समजतात. परंतु त्याचीं मूलतत्त्वें सोलापूरच्या पूर्वेस कल्याणींत, चालुक्य विक्रमादित्य सहावा (इ. स. १०७६–११२६) याच्या राजधानींत, विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत विशद करून ठेविलीं आहेत.

माघारीचीं कारणें धर्मशास्त्र वेगवेगळीं तोलतें. पहिलें अनुशय, म्हणजे सौद्यानंतरचा पश्चात्ताप. मनूनें (८.२२२) त्यास दहा दिवसांची मुदत दिली. याज्ञवल्क्यानें जिनसेप्रमाणें परीक्षेचे दिवस नेमिले : बियाण्यास दहा, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पांच, रत्नास सात, दुभत्यास तीन. दुसरें कारण कपट. सदोष माल निर्दोष म्हणून विकणारास किंमतीच्या दुप्पट दंड आहे. तिसरें भावाची चढउतार. ही सबब मात्र शास्त्रास मान्य नाहीं. तीवरून फिरणारा व्यापारी सहाव्या हिश्शाच्या दंडास पात्र होतो.

आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें वचन सत्यंकाराचें होय. सत्यंकार म्हणजे आपला विसार. सौदा पक्का व्हावा म्हणून दिलेली अंगठी वगैरे वस्तु, देणारानेंच करार मोडल्यास त्यानें गमवावी. दुसऱ्यानें मोडल्यास त्यानें ती दुपटीनें परत करावी, असा मिताक्षरेचा निर्णय आहे. म्हणजे माघार अशक्य नाहीं, पण फुकटही नाहीं.

१८७२ चा करार कायदा याच वाटेनें जातो. कपटानें मिळविलेली संमति रद्द करतां येते. एरव्हीं करार मोडणारानें नुकसान भरून द्यावें. नुसत्या भाववाढीनें करार सुटत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६० सालीं ठरविलें. पुढें २०१८ च्या दुरुस्तीनें, भरपाई न घेतां करारच पुरा करून मागण्याचा पक्षकाराचा हक्क अधिक बळकट झाला.

तथापि कंपनी म्हणजे दावणीचा बैल नव्हे. १८७४ सालीं स्थापन झालेली आमची जुनी गिरणी १९४९ सालीं बंद पडली. जानेवारी १९५० मध्यें सरकारनें वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यांत घेतला. शेअर मात्र भागधारकांच्याच नांवें राहिले. यामुळें त्यांची मालमत्ताच वस्तुतः हिरावली गेली, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९५३ मध्यें दिला. यावरून कंपनीच्या मालकींत कारभाराचा अधिकार केवढा मोलाचा, हें दिसतें. अशा वस्तूची परीक्षा पांच दिवस दारीं बांधून होत नाहीं. ती सहीपूर्वींच वह्या, कर्जें व दावे पाहून करावी लागते. सहीनंतर उरतो तो सत्यंकाराचा हिशेब.

संग्राहक खरेदीखतें जपतात, पण विसारपावत्या रद्दींत जातात. पुरा झालेला सौदा खत सांगतें. मोडलेल्या सौद्याचा पुरावा मात्र बहुधा त्या चिठोऱ्यांतच असतो. ज्यांच्या दप्तरांत अशा पावत्या असतील त्यांनीं त्या जतन करून प्रसिद्ध कराव्या, ही विनंति.