व्यवस्थापित कुबरनेटीस क्लस्टरवरील पोस्टग्रेस डेटाबेस

क्लाउड कंपनी चालवत असलेल्या कुबरनेटीस क्लस्टरमध्ये पोस्टग्रेसक्यूएल हा संबंधात्मक डेटाबेस कंटेनरच्या रूपात उभा करण्याची आणि सांभाळण्याची पद्धत. कुबरनेटीस म्हणजे अनेक यंत्रांच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, कंटेनर चालवणारी प्रणाली. येथे ‘व्यवस्थापित’ हा शब्द नेमका समजून घ्यावा लागतो. क्लस्टरचा नियंत्रणभाग, म्हणजे एपीआय सर्व्हर, शेड्युलर आणि एटसीडी, कंपनी सांभाळते. त्यावर चालणारा डेटाबेस मात्र तो उभा करणाऱ्याचाच राहतो. डिस्क पुरते का हे पाहणे, बॅकअप घेणे, आवृत्ती बदलणे, मध्यरात्री तो बंद पडला तर उठून चालू करणे, ही सगळी कामे त्याच्याच वाट्याला येतात. ॲमेझॉनची आरडीएस किंवा गूगलची क्लाउड एसक्यूएल या तयार डेटाबेस-सेवा आहेत आणि त्यांची गोष्ट वेगळी. नवख्या गटांचा गोंधळ बहुधा याच एका शब्दापाशी सुरू होतो.

संबंधात्मक डेटाबेसची मांडणी एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली केली. पोस्टग्रेसचे काम मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली बर्कली विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झाले आणि १९९६ मध्ये त्याला पोस्टग्रेसक्यूएल हे नाव मिळाले. कुबरनेटीस त्या मानाने अगदी तरुण. गूगलने बोर्ग या आपल्या अंतर्गत प्रणालीच्या अनुभवावरून ते घडवले, जून २०१४ मध्ये जाहीर केले, आणि जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. गूगलची व्यवस्थापित सेवा ऑगस्ट २०१५ मध्ये, तर ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सेवा जून २०१८ मध्ये सर्वांसाठी खुल्या झाल्या.

पोस्टग्रेस आणि कुबरनेटीस या दोन्हींची जडणघडण एकमेकांच्या उलट आहे आणि पुढची सगळी गुंतागुंत त्यातूनच येते. कुबरनेटीस असे धरून चालते की कोणताही पॉड (कंटेनर चालवणारे सर्वांत छोटे एकक) केव्हाही मारावा, दुसऱ्या नोडवर (क्लस्टरमधल्या यंत्रावर) तसाच नवा उभा करावा, कोणाचे काही अडणार नाही. वेब सर्व्हरला हे चालते. डेटाबेसला चालत नाही, कारण त्याची ओळख प्रोग्रॅममध्ये नसून डिस्कवरच्या फायलींमध्ये असते, आणि त्याच फायलींवर दोन पोस्टग्रेस एकाच वेळी लिहू लागले तर डेटा कायमचा बिघडतो. म्हणून जुलै २०१६ मध्ये १.३ आवृत्तीत ‘पेटसेट’ ही वेगळी रचना आणली गेली. नावामागे इंग्रजीतील एक रूपक होते : काही सर्व्हर नाव ठेवून पाळलेल्या जनावरासारखे, बाकीचे कळपातल्या गुरांसारखे. आपल्याकडे गोठ्यातल्या प्रत्येक बैलाला नाव असते, त्यामुळे मराठी वाचकाला हे रूपक उलगडून सांगावे लागते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १.५ आवृत्तीत या रचनेचे नाव ‘स्टेटफुलसेट’ झाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये १.९ आवृत्तीत ती स्थिर म्हणून घोषित झाली.

स्टेटफुलसेटमध्ये पॉडला पक्के नाव मिळते. पोस्टग्रेस-०, पोस्टग्रेस-१ अशी ही नावे असतात. पॉड मरून पुन्हा उभा राहिला तरी नाव तेच राहते आणि त्या नावाची डिस्कही तीच जोडली जाते. मात्र एक गैरसमज येथे वारंवार दिसतो. पॉडची संख्या एकवरून तीन केली की डेटाच्या तीन प्रती तयार होतील असे वाटते. तसे होत नाही. तीन स्वतंत्र डेटाबेस तयार होतात, आणि त्यांतले नवे दोन रिकामे असतात. वर एकच सर्व्हिस, म्हणजे विनंत्या पॉडमध्ये वाटणारा एक पत्ता, लावलेली असेल तर ग्राहकाची नोंद कधी एकात जाते, कधी दुसऱ्यात. प्रती एकसारख्या ठेवण्याचे काम पोस्टग्रेसच्या स्वतःच्या रेप्लिकेशनचे आहे. कुबरनेटीसला त्यातले काहीही कळत नाही.

डिस्क आणि झोन : क्लाउडमधली नेहमीची ब्लॉक डिस्क एका वेळी एकाच नोडला जोडली जाते आणि ती ज्या झोनमध्ये (रिजनमधल्या स्वतंत्र विभागात) तयार झाली त्याच झोनची राहते. मुंबईत ॲमेझॉनचे रिजन २०१६ मध्ये आणि गूगलचे २०१७ मध्ये सुरू झाले. दोन्हींत आज तीन-तीन झोन आहेत. त्यांपैकी एका झोनमधली डिस्क दुसऱ्या झोनमधल्या नोडला लावता येत नाही. त्या झोनमधला एकमेव नोड गेला की पॉड ‘पेंडिंग’ म्हणून ताटकळत राहतो, बाकीच्या झोनमध्ये कितीही जागा मोकळी असली तरी. यासाठी स्टोरेजक्लासमध्ये ‘वेट फॉर फर्स्ट कन्झ्युमर’ ही बांधणी निवडतात. त्यामुळे पॉड कोठे बसणार हे ठरल्यावरच त्या झोनमध्ये डिस्क तयार होते.

पहिल्याच दिवशी येणारी एक अडचण जवळून पाहण्यासारखी आहे. नवी डिस्क एक्स्ट४ पद्धतीने फॉरमॅट होते तेव्हा तिच्या मुळाशी ‘लॉस्ट+फाउंड’ नावाचे फोल्डर आपोआप तयार होते. ही डिस्क थेट पोस्टग्रेसच्या डेटा-फोल्डरवर चढवली, की ‘इनिटडीबी’ हा पायाभरणी करणारा प्रोग्रॅम आत डोकावतो, फोल्डर रिकामे नाही असे म्हणतो आणि थांबतो. पॉड पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो. मांडणी लिहिलेली सगळी यामल फाइल बरोबर दिसत असल्याने शिकणारा माणूस तासन्‌तास पासवर्ड आणि परवानग्या तपासत बसतो. उपाय एका ओळीचा आहे : ‘पीजीडेटा’ हे चल डिस्कच्या मुळाकडे न ठेवता आतल्या एका उपफोल्डरकडे वळवायचे.

बंद करण्याची रीतही अशीच बारकाईने पाहावी लागते. पॉड काढताना कुबरनेटीस एरवी ‘सिगटर्म’ हा इशारा देते, तीस सेकंद थांबते आणि मग ‘सिगकिल’ने प्रोग्रॅम तोडून टाकते. पोस्टग्रेसच्या भाषेत सिगटर्मचा अर्थ असा : नवे ग्राहक घेऊ नकोस, पण आत असलेले स्वतःहून जाईपर्यंत थांब. ॲप्लिकेशनचे कनेक्शन तासन्‌तास उघडेच असतात, त्यामुळे तीस सेकंद सरतात आणि डेटाबेस अर्ध्यावर तोडला जातो. वॉल, म्हणजे आधी लिहून ठेवलेली बदलांची नोंदवही, असल्याने डेटा वाचतो. पण पुन्हा उठताना ती नोंदवही चाळण्यात मोलाची मिनिटे जातात. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये, म्हणजे कंटेनर ज्यातून उभा होतो त्या साच्यात, म्हणूनच थांबण्याचा इशारा ‘सिगइंट’ असा बदललेला आहे. तो मिळाला की डेटाबेस उघडी कनेक्शन तोडतो आणि नीट बंद होतो. स्वतः बांधलेल्या इमेजमध्ये ही ओळ हमखास राहून जाते.

मेमरीबद्दल दोनच गोष्टी. कंटेनरला शेअर्ड मेमरी एरवी ६४ एमबी मिळते आणि समांतर चालणाऱ्या मोठ्या क्वेरींना ती अपुरी पडते. तेव्हा डिस्कवर जागा नसल्याचा चुकीच्या दिशेला नेणारा संदेश येतो. आणि मेमरीची मर्यादा ओलांडल्याने कर्नलने पोस्टग्रेसची एक जरी प्रक्रिया मारली, तरी सुरक्षिततेसाठी बाकीच्या सगळ्या प्रक्रिया थांबवून पूर्ण डेटाबेस नव्याने उठतो.

नोड अचानक गप्प झाला तर काय, हा खरा कसोटीचा प्रश्न. स्टेटफुलसेट त्या नावाचा दुसरा पॉड लगेच उभा करत नाही. नोड खरोखर मेला आहे की फक्त नेटवर्क तुटले आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि जुना पॉड अजून लिहीत असण्याची शक्यता असते. लोक या थांबण्याला दोष समजतात आणि पॉड बळजबरीने काढून टाकतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हे थांबणे हाच या रचनेचा सर्वांत मोठा गुण आहे. जुना नोड बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय ती बळजबरी कधीच करू नये.

माणसाऐवजी हे निर्णय प्रोग्रॅमने घ्यावेत म्हणून ‘ऑपरेटर’ आले. ही कल्पना कोअरओएस या कंपनीने २०१६ मध्ये मांडली. झालांडोचा ऑपरेटर पॅट्रोनी या साधनावर उभा आहे. क्रंची डेटाचा ऑपरेटरही जुना आणि रुळलेला. एंटरप्रायझडीबीने २०२२ मध्ये खुला केलेला क्लाउडनेटिव्हपीजी स्टेटफुलसेट वापरतच नाही, पॉड आणि डिस्क तो स्वतः हाताळतो. मुख्य प्रत पडली की ऑपरेटर एका रेप्लिकाला, म्हणजे दुय्यम प्रतीला, बढती देतो आणि सर्व्हिसचा रोख तिकडे वळवतो.

बॅकअपबाबत मात्र ऑपरेटरवर विसंबून चालत नाही. डिस्क आपोआप तयार होते तेव्हा, तिच्यावरचा दावा (पॉडसाठी केलेली डिस्कची मागणी) गेल्यावर तिचे काय करायचे याचे धोरण एरवी ‘डिलीट’ असते. स्टेटफुलसेट काढला तर डिस्क टिकते, पण अख्खा नेमस्पेस काढला की डिस्कवरचा दावा जातो आणि त्यामागे प्रत्यक्ष डिस्कही जाते. एका ओळीच्या आज्ञेने वर्षांची नोंद पुसली जाऊ शकते. म्हणून धोरण ‘रिटेन’ करावे, वॉलच्या फायली सतत क्लस्टरबाहेरच्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये पाठवाव्यात, आणि ठरावीक दिवसांनी त्या फायलींवरून दुसरा डेटाबेस उभा करून त्यातल्या नोंदी मोजून पाहाव्यात. ही मोजणी टाळणाऱ्या गटाला आपल्याकडे बॅकअप आहे असे म्हणण्याचा अधिकार नाही. पासवर्ड ‘सीक्रेट’मध्ये ठेवला म्हणजे तो सुरक्षित झाला असेही नाही. तो बेस६४ या लिपीत केवळ वेगळ्या रूपात लिहिलेला असतो, कुलूपबंद नसतो.

दोन-तीन माणसांच्या गटाने, एकाच डेटाबेससाठी, ही वाट धरू नये. तयार डेटाबेस-सेवेचे वाढीव पैसे त्यांना झोपेच्या रूपाने परत मिळतात. ज्यांच्याकडे डझनावारी छोटे डेटाबेस आहेत, तयार सेवेत न मिळणारे एक्स्टेंशन हवे आहे, किंवा तीच मांडणी स्वतःच्या डेटा सेंटरमध्येही चालवायची आहे, त्यांना ती फायद्याची ठरते.

आवृत्ती बदलताना इमेजचा क्रमांक वाढवणे पुरत नाही. पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येकीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. १६ची डिस्क १७च्या इमेजला दिली तर फायली जुळत नाहीत असे सांगून डेटाबेस सुरू होण्यास नकार देतो. ‘पीजी-अपग्रेड’ चालवणे, डंप काढून नव्या डेटाबेसात भरणे, किंवा लॉजिकल रेप्लिकेशनने दोन्ही शेजारी चालवून ठरल्या वेळी रोख वळवणे, हे तीन मार्ग उरतात. अधिकृत इमेजमध्ये १८व्या आवृत्तीपासून डेटा-फोल्डरची जागाही बदलली आहे. जुनी यामल फाइल तशीच वापरणाऱ्याने डिस्क कोठे चढते आहे हे आधी तपासावे.