ओवी खरी कोणाची? पैठणच्या पोथीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावात आज हरिनाम सप्ताहातील कीर्तन मंडपात बसून ऐकता येते, आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या मुलाला तेच मोबाइलवर थेट पाहता येते. त्याच मोबाइलवर रोज सकाळी फुलांच्या चित्राखाली चार ओळी येतात. खाली नाव असते ‘संत ज्ञानेश्वर’ किंवा ‘जगद्गुरू तुकोबाराय’. त्या ओळी खरोखर त्यांच्या आहेत का, हे सहसा कोणी विचारत नाही. आजचा थ्रेड याच प्रश्नाचा इतिहास सांगणारा आहे, आणि तो सुरू होतो याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, गोदाकाठच्या पैठणात.

ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे ती हाताने नकलून घेतली जात होती. नकलणारा माणूस थकतो, एखादी ओळ गाळतो. जुना शब्द कळला नाही तर आपल्या काळचा घालतो. भाविक असला तर एखादी स्वतःची ओवीही जोडतो, आणि पुढचा नकलकार तिलाही ज्ञानदेवांचीच समजून उतरवून घेतो. एका पिढीची भर पुढच्या पिढीत मूळ ग्रंथ होऊन बसते. ‘फॉरवर्ड’ हा प्रकार आपण समजतो तितका नवा नाही.

पैठणच्या एकनाथ महाराजांनी ही अवस्था पाहिली आणि उपलब्ध पोथ्यांच्या आधारे शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. भाविक परंपरेत या कार्यामागे ज्ञानदेवांचा स्वप्नातील आदेश आणि आळंदीच्या समाधीला वेढलेल्या अजानवृक्षाच्या मुळीची कथा सांगितली जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र ग्रंथाच्या शेवटी जोडलेल्या नाथांच्या ओव्या लक्षपूर्वक वाचाव्यात. नाथ तेथे शक सांगतात, कर्ता म्हणून आपले नाव सांगतात आणि पाठांतरांमुळे शुद्ध ग्रंथ अबद्ध झाला होता, हे कामाचे कारणही सांगतात. वर एक इशारा देतात. या ग्रंथात जो आपली ओवी घालील, त्याच्या कृतीला त्यांनी अमृताच्या ताटात ठेवलेल्या करवंटीची उपमा दिली आहे. मजकुरात हात कोणी घातला, केव्हा घातला आणि का घातला, या तिन्ही गोष्टी वाचकासमोर उघड ठेवणारे हे संपादन सोळाव्या शतकातले आहे. माझ्या मते नाथांच्या भारुडांइतकेच हेही त्यांचे मोठे काम.

नाथ पोथ्या तपासत होते तेव्हा छापण्याचे यंत्र भारतात येऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती. १५५६ मध्ये ते गोव्यात पोहोचले, तेही धर्मकार्यासाठीच. जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापून निघाले. ओवी मराठी, भाषा मराठी. पण देवनागरीचे खिळे नसल्यामुळे लिपी रोमन! यंत्राला जे जमेल ते रूप ग्रंथाने घ्यायचे, हा अनुभव मराठीला तेव्हाच आला.

देशी धर्मग्रंथ छापखान्यात जायला मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ च्या सुमारास शिळाप्रेसवर पंचांग छापले. छापील कागदाला शिवणे अनेक सनातन्यांना नको होते, कारण शाईत चरबी असल्याचा संशय. त्यावर उपाय म्हणून गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली, असे सांगितले जाते. पुढे १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी संपादित केलेली ज्ञानेश्वरी शिळाछापावर निघाली. तुकोबांचा गाथा १८६९ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून बाहेर पडू लागला. त्यासाठी मुंबई सरकारने २४,००० रुपये दिले होते. शाईचा विटाळ ज्यांना वाटत होता, त्यांच्याच नातवंडांनी छापील पोथीवर पारायणे केली.

मग आला चित्रपट. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यातले ‘आधी बीज एकले’ हे पद तुम्ही ऐकले असेल. ते तुकोबांचे नाही. शांताराम आठवल्यांनी ते या चित्रपटासाठी लिहिले, आणि ते अभंगाच्या वळणात इतके चपखल बसले की जाणकारही त्याला गाथ्यात शोधू लागले. आठवल्यांनी काही लपवले नव्हते; श्रेयनामावलीत त्यांचे नाव होते. परंतु गाणे रेडिओवर आणि भजनी मंडळांत गेले, नामावली मागे राहिली. नाथांनी ज्या करवंटीबद्दल बजावले होते, ती या वेळी चांगली सोन्याची होती, हाच काय तो फरक.

आजच्या मोबाइलवर नेमके हेच घडते, फक्त आठवल्यांची प्रतिभा नसते आणि नामावलीही नसते. चार ओळी, खाली संताचे नाव, आणि जातीजातींत भांडण लावणारा किंवा औषध विकणारा मजकूरही त्याच नावावर खपतो. म्हणून एक साधी सवय लावून घ्या. ओवी आली की अध्याय आणि ओवीक्रमांक मागा. अभंग आला की गाथ्याची कोणती आवृत्ती ते विचारा. आवृत्तीनुसार क्रमांक बदलतात. साखरे महाराजांची प्रत, दांडेकरांची प्रत, राजवाड्यांची प्रत यांत फरक आहेत. पण क्रमांकच नसेल, तर ती ओळ तूर्त कोणाचीच नाही असे समजावे.

राजवाड्यांच्या प्रतीचे प्रकरण तर मराठवाड्यातीलच. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना बीड येथे एक हस्तलिखित मिळाले. ते नाथपूर्व आहे, असा त्यांचा दावा होता. १९०९ मध्ये त्यांनी त्यावरून ज्ञानेश्वरी छापली आणि विद्वानांत मोठा वाद उभा राहिला. तो निकाली काढण्याचा मार्ग एकच होता : मूळ पोथी उघडून अक्षरांचे वळण, कागद आणि शाई पाहणे. ती पोथी आज उपलब्ध नाही. राजवाड्यांनी छापले तेवढेच उरले आहे. घराघरांतल्या ज्या जुन्या पोथ्या अजून तांबड्या फडक्यात बांधून माळ्यावर आहेत, त्यांचे पानन् पान टिपायला आता खिशातला मोबाइल पुरतो.