इंग्रजी व्याकरणाच्या वाटेवर मराठी आणि फारसी

वर्धा : २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून आकाराला आलेल्या नई तालीमच्या सात वर्षांच्या अभ्यासक्रमात माध्यम मातृभाषा होते आणि इंग्रजीला स्थान नव्हते. पुढे २००० साली राज्याने पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. आज वर्धा जिल्ह्यातील खेड्यातले मूलही सहाव्या वर्षी इंग्रजी वाक्याला सामोरे जाते आणि लवकरच अडखळते.

हे अडखळणे केवळ आपल्याकडचे नाही. मराठीत शेकडो शब्द देणाऱ्या फारसीचे भाषकही इंग्रजी शिकताना बऱ्याच अंशी त्याच ठिकाणी ठेचकाळतात. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. मात्र शब्दक्रम तुलनेने लवकर साधतो. खरी अडचण 'द'ची. फारसीत अनिश्चितता दाखवणारा 'ई' हा प्रत्यय आहे, मराठीत 'एक' आहे. पण 'द'ला नेमका जोडीदार दोन्हीकडे नाही. त्यामुळे तो कुठे गाळायचा, कुठे घालायचा, हे वर्षानुवर्षे शिकूनही पक्के होत नाही.

काळाचेही तसेच. 'मी चार वर्षांपासून वर्ध्यात राहतो' हे मराठीत निर्दोष वाक्य आहे; फारसी भाषकही अशा वेळी वर्तमानकाळच वापरतो. इंग्रजीला मात्र तेथे पूर्ण वर्तमानकाळ हवा असतो. मग विद्यार्थी 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फोर इयर्स' असे लिहितो आणि वहीवर लाल रेघ उमटते. प्रश्नात कर्ता व क्रियापदाची अदलाबदल दोन्ही भाषांना ठाऊक नसल्याने 'व्हेअर यू आर गोइंग?' असे ऐकू येते.

साम्य इथे संपते. फारसीत तो आणि ती यांना 'ऊ' हा एकच शब्द आहे. म्हणून इराणी विद्यार्थी इंग्रजीत 'ही' आणि 'शी' यांची गल्लत करतो. तीन लिंगे बाळगणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हा त्रास सहसा होत नाही. त्याची खोड वेगळी : 'बाबा आले' या आदरार्थी बहुवचनामागून 'माय फादर आर' सहज येऊ शकते.

एस. पी. कॉर्डर यांनी १९६७ मध्ये, तर लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये अशा चुकांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. शिकणाऱ्याने स्वतः बांधलेल्या तात्पुरत्या व्याकरणाचा तो पुरावा असतो. अर्थात प्रत्येक चुकीचे खापर मातृभाषेवर फोडता येत नाही. तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापदाचा 'एस' अनेक भाषांच्या शिकणाऱ्यांकडून उशिरापर्यंत निसटत राहतो.

वर्गात हा फरक महत्त्वाचा ठरतो. 'सिन्स फोर इयर्स' लिहिणाऱ्या मुलाला 'ढ' ठरवण्याऐवजी त्याचे मराठी वाक्य फळ्यावर लिहून दोन्हींतील काळ शेजारी दाखवता येतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांना ही तुलना नवी नव्हती.